‘नागपूरजवळ’ म्हणू नका!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी झालेल्या ‘गंमत-ज्ञान’ कार्यक्रमातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडंसं नीटनेटकं करून येथे देत आहोत. — संपादक मंडळ)



कार्यकारिणीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. मागं पाटवडीचा रस्सा उकळतोय, त्याचा वास इथवर येतोय. त्यामुळे एकविसाव्या मिनिटाला माझ्यासमोर कोणी बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला जेवणाच्या सुट्टीची ताकद चांगली माहीत असते.

आपल्या गणपतीत मी दरवर्षी मुलांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारते, म्हणून मुलं मला ‘प्रश्नवाल्या आजी’ म्हणतात. मुलं हुशार आहेत. पेरूची राजधानी सांगतात, डायनोसॉरची नावं सांगतात, कुठल्या सिनेमाला ऑस्कर मिळालं तेही सांगतात. पण गेल्या दिवाळीत आपल्याच बिल्डिंगमधला एक मुलगा पुण्याहून आला होता. बोलता बोलता म्हणाला, “आजी, तिथं कोणी विचारलं कुठला, की मी ‘नागपूरजवळचा’ म्हणून सांगतो. वर्धा म्हटलं की मग समजावून सांगावं लागतं.”

मला त्याचा राग आला नाही. समजावून सांगायचं तर गाठीशी काही हवं ना! नागपूरच्या गाडीवर एमएच ३१ आणि आपल्या गाडीवर एमएच ३२. नंबर शेजारचा असला तरी आपला आहे. तर या ३२ नंबरवाल्यांच्या गाठीशी काय काय असावं, एवढाच आजचा विषय. सगळे प्रश्न आपल्या जिल्ह्यातले. मोबाईल खिशात ठेवायचे. बरोबर उत्तराला गोरसपाकाचा पुडा.

पहिला प्रश्न अगदी घरातला. सकाळी आपल्या नळाला जे पाणी येतं, ते कोणत्या नदीचं?

(सभागृहातून : वर्धा! वर्धा!)

झालं, पहिला पुडा माझ्याकडेच राहिला. आपलं पाणी धाम नदीचं. महाकालीच्या धाम प्रकल्पातून पाणी सुटतं, येळाकेळी आणि पवनारला ते उचललं जातं आणि मग आपल्या टाकीत येतं. वर्धा शहर वर्धा नदीच्या काठावर नाहीच, बरं का! नदी पाहायची तर पुलगावला जावं लागतं. जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिम अंगानं ती वाहते, पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. जिल्ह्याला तिचं नाव मिळालं आणि जिल्ह्याचं नाव शहराला.

हे शहरही फार जुनं नाही. १८६२ साली नागपूरमधून आपला जिल्हा वेगळा काढला, तेव्हा मुख्य ठाणं होतं पुलगावजवळचं कवठा. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्यात हलवलं. त्या पालकवाडीचं झालं वर्धा. म्हणजे सेवाग्रामला गांधीजी आले, तेव्हा आपलं शहर जेमतेम सत्तर वर्षांचं होतं.

आता नदीचीच एक गंमत. मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताई आहे. मुलताई म्हणजे मूलतापी, तापीचं उगमस्थान. आपली वर्धाही त्याच मुलताईच्या परिसरात सातपुड्यात उगम पावते. एकाच माहेरच्या दोघी, पण तापी पश्चिमेला सुरतेकडून अरबी समुद्रात जाते आणि वर्धा दक्षिणेला वळून ५२८ किलोमीटर चालत वैनगंगेला भेटते. दोघी मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. आपली धाम वणेला मिळते, वणा वर्धेला. तेव्हा पोरांनो, पवनारच्या पुलावरून कागदाची नाव सोडलीत आणि ती कुठं अडकली नाही, तर आंध्रच्या किनाऱ्याला लागेल.

पवनारवरून पुढचा प्रश्न. तिथं विनोबांचा आश्रम आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. १९३८ साली ते तिथं राहायला गेले. १९४८ च्या १२ फेब्रुवारीला गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथंच धाममध्ये विसर्जित झाला, म्हणून दर वर्षी १२ फेब्रुवारीला मेळा भरतो. पण त्याच्या दीड हजार वर्षं आधी पवनारला काय होतं?

(एक आवाज : राजाचा किल्ला!)

जवळ आलात. वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, ती म्हणजे आपलं पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरचं नाव घेतात. तो वाद विद्वानांना करू द्या. पण या राजाच्या नावावर ‘सेतुबंध’ नावाचं महाकाव्य आहे. रामानं समुद्रावर पूल बांधला त्याचं. आणि ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना! आश्रमाची जमीन खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं जुनं शिल्प सापडलं, ते आजही तिथं पाहायला मिळतं. पुढच्या वेळी पाहुणे आले की नुसती नदीवर सेल्फी काढू नका, तेवढं शिल्प दाखवा.

प्रश्न तिसरा. सेवाग्रामचं मूळ नाव काय, आणि ते का बदललं?

(लहान मुलीचा आवाज : शेगाव!)

शाब्बास! पहिला पुडा गेला. १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. आता गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, याच मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर. पत्रं तिकडं जायची. जगभरातून ज्या माणसाला पत्रं येतात, त्याचीच टपालं भलत्या गावी! शेवटी १९४० मध्ये नाव झालं सेवाग्राम.

तेव्हा पिनकोड असता, तर कदाचित नाव बदलावं लागलं नसतं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो कोणी आणला माहीत आहे? श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं. स्वतः संस्कृत कवी होते ते. आपला ४४२००१. त्यातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४४ म्हणजे आपला विदर्भ. ४४२ आपला आणि सोबत चंद्रपूर, गडचिरोलीचा. घरचा पत्ता लिहिताना सहा आकडे आपण घाईत लिहितो, पण त्यात सगळा नकाशा आहे.

आणि जाता जाता : पाहुण्याला स्टेशन सांगताना नीट सांगा. वर्धा वेगळं, सेवाग्राम वेगळं. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव वर्धा पूर्व. दिल्ली-चेन्नईच्या गाड्या सेवाग्रामवरून जातात. आपले कितीतरी जावई वर्धेला उभे राहिले आणि गाडी सेवाग्रामवरून गेली. (हशा)

रेल्वेचं निघालंच आहे, तर चौथा प्रश्न. पुलगावहून आर्वीला जाणारी गाडी किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा... आठ, नऊ. सगळे पांढऱ्या केसांचे. १९१७ साली सुरू झालेली, ३५ किलोमीटरची नॅरोगेज. रूळ इतके अरुंद की आजच्या मुलांना खेळण्यातली वाटावी. ती धावायची कापसासाठी. आर्वीकडचा कापूस पुलगावला यायचा, तिथून मोठ्या रुळावर चढायचा आणि मुंबईला जायचा. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला तुम्ही ऐकली असेल, ही तिचीच बहीण. आता बंद आहे.

ए विंगमधले आपले काका आर्वीकडचे. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नातवानं शाळेच्या प्रकल्पासाठी त्यांना या गाडीबद्दल विचारलं आणि मोबाईलवर अकरा मिनिटं रेकॉर्ड केलं. त्यात काका सांगतात, “गाडी येवढी हळू, का माणूस उतरून बोरं तोडून पुन्हा चढे.” मग हसतात. पुढं कोणत्या स्टेशनवर कोण चहा विकायचा, कापसाच्या गाठींवर बसून येताना अंगाला कसं टोचायचं, सगळं आहे. घरी काकांचे फोटो पुष्कळ आहेत, पण काकांचा आवाज फक्त त्या अकरा मिनिटांत आहे. हे मी का सांगितलं, ते शेवटी येईल.

पाचवा प्रश्न, दगडांचा. आपल्या जिल्ह्यात कोणत्या टेकडीवर नारळ आणि व्यापाऱ्याचा माल दगड होऊन पडला आहे?

(बरेच आवाज : गिरड!)

बरोबर. समुद्रपूर तालुक्यातलं गिरड, ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा. हिंदू-मुसलमान सगळे जातात. कथा अशी, की दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगडाचा झाला. टेकडीवर ते गोल दगड अजून सापडतात. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा ही कथा छापलेली आहे.

आता भूगोलाच्या बाईंचं ऐका. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता, थरावर थर. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकतात, पावाच्या आत भोकं राहतात ना, तसे. पुढं त्या पोकळ्यांत खनिजं भरतात, झिओलाइट म्हणतात त्यांना. बाहेरचा खडक झिजून माती होतो आणि आतले गोळे मोकळे होऊन खाली पडतात. ते आपले दगडी नारळ. आणि बाहेरचा जो खडक झिजला, त्याची झाली काळी माती, जिच्यात आपली पऱ्हाटी उभी राहते. दर्ग्याला जाताना श्रद्धेनं जा, आणि येताना मुलांना दगडाची गोष्टही सांगा. दोन्ही गोष्टी एकाच टेकडीवर सुखानं राहतात.

पऱ्हाटीवरून आठवलं. शहरातल्या मुलांसाठी उपप्रश्न : एक क्विंटल कापसातून रुई किती निघते? साधारण पस्तीस किलो. बाकी बहुतेक सगळी सरकी. तिचं तेल निघतं, उरलेली ढेप गाईम्हशी खातात. आपल्या हिंगणघाटचा देशी कापूस एके काळी हिंगणघाटी याच नावानं बाजारात ओळखला जायचा, हिंदुस्थानातल्या उत्तम कापसांत मोजला जायचा. गावाचं नाव मालाला लागणं ही केवढी मोठी गोष्ट! आज तो मान आपल्या हळदीकडे आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमिन सहा टक्क्यांच्या वर असतं, रंगही गडद येतो. फक्त रिक्षावाल्याला सांगताना जपून, वायगाव निपाणी वेगळं आणि वायगाव हळद्या वेगळं!

आता जंगलात जाऊ. बोर अभयारण्य १९७० चं. २०१४ मध्ये तो देशाचा ४७ वा व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान गाभा क्षेत्रांपैकी. पण लहान म्हणून कमी लेखू नका. पेंच, मेळघाट, नागझिरा, ताडोबा या मोठ्या जंगलांच्या मधोमध ते बसलं आहे. वाघ काही एसटीनं जात नाही, त्याला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला मधला मुक्काम लागतो. बोर तो मुक्काम आहे. सेलूकडच्या आपल्या शेतकरी सभासदांना हे मजेचं वाटणार नाही, रात्री ओलिताला जाताना त्यांच्या घरच्यांचा जीव मुठीत असतो. तेही सामान्यज्ञानच आहे आणि पाहुण्यांना सफारीचे फोटो दाखवताना तेही सांगावं.

जनावरांतलं आपलं खास म्हणजे गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजाकडची पांढरीशुभ्र गाय. बैल चपळ, गाडीला जुंपला की पळत सुटणारा. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं केंद्र आहे. आणि पाखरांतलं आपलं कोणतं? २०१८ मध्ये वर्ध्यात चक्क मतदान घेऊन शहरपक्षी निवडला होता. कोण जिंकलं?

(आवाज : नीलपंख!)

दुसरा पुडा! नीलपंख, म्हणजे जुनी माणसं ज्याला चास म्हणतात. तारेवर मातकट रंगाचा बसलेला असतो, कोणी लक्ष देत नाही. उडाला की पंखांत निळाई उघडते. दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात. बाकी दिवशी तो शेतातले किडे खातो, ते आणखी शुभ.

आता पोटाकडे. बाहेरगावी गेलेल्या आपल्या मुलांची सगळ्यात जास्त फजिती कोणत्या शब्दानं होते?

(महिलांकडून एकमुखानं : सांबार!)

काकूंना विचारावंच लागत नाही! पुण्याच्या भाजीवाल्याकडे “सांबार द्या” म्हटलं, की तो हॉटेलचा रस्ता दाखवतो. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. म्हणून आपली ती सांबारवडी, पुडाची वडी. तिच्यात इडलीच्या सांबाराचा थेंब नाही. तसंच बटाटा नाही, आलू. शेंगदाणे नाहीत, फल्ली. पिठलं नाही, चून. भाकरीबरोबर गरम चून आणि वर कच्चं तेल. आणि वांग्याच्या भाजीबरोबर रोडगे, तेही गोवरीच्या विस्तवात भाजलेले. गॅसवरच्या रोडग्याला माझ्या सासूबाई ‘पाव’ म्हणायच्या.

ही भाषा मुलांनी सोडू नये, एवढंच म्हणणं. पुण्यात कोथिंबीर म्हणा, बंगळुरूत धनिया म्हणा, घरी आलात की सांबार म्हणा. शब्द गेला की पदार्थाचा रस्ताही हळूहळू पुसतो. आणि परत जाताना डब्यात गोरसपाक न्या. गाईच्या तुपातला, खुसखुशीत, प्रवासात टिकणारा. “कुठलं बिस्कीट?” असं कोणी विचारलं, की समजावून सांगायला आपोआप सुरुवात होते.

शेवटचा मोठा प्रश्न, सिनेमावाल्यांसाठी. हिंगणघाटला जन्मलेला एक तरुण. शिकारीची हौस, स्वतःची स्पोर्ट्स कार. इंग्रजी मासिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचा आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलीवूडच्या नट्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. कोण?

(शांतता)

तिसरा पुडाही माझाच. बाबा आमटे! जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट. वकील झाले, सेवाग्रामच्या सहवासात आले आणि पुढं वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. प्रकाशभाऊंवर २०१४ मध्ये सिनेमा आला, नाना पाटेकरांचा, तो सगळ्यांनी पाहिला आहे. पण वडिलांचं सिनेमावेड कोणाला माहीत नव्हतं. मोठी माणसं जन्मतः पुतळे नसतात, हे मुलांना कळायला हवं. आपल्या जिल्ह्यात पुतळ्यांची कमतरता नाही, माणसाची गोष्ट सांगणारे हवेत.

भराभर काही सांगून टाकते. ‘छोडो भारत’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं आधी वर्ध्यात केला, १४ जुलै १९४२ ला. मुंबईचं अधिवेशन त्यानंतरचं. लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ मध्ये दलितांना खुलं केलं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. त्याच १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला साहित्य संमेलन झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा, शहाण्णवावं, न्या. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. एवढं असून आपण ‘नागपूरजवळ’!

आता ते काकांच्या रेकॉर्डिंगचं. मी आज जे सांगितलं, ते पुस्तकात मिळतं. पण काही प्रश्नांची उत्तरं फक्त या बिल्डिंगमध्ये आहेत. इथं बोअर किती फुटांवर लागली? आपली इमारत उभी राहण्याआधी या जागेवर कोणाची तूर होती? गच्चीवरून पहिल्या वर्षी काय काय दिसायचं? बी विंगमधल्या आजी भुलाबाईची जी गाणी म्हणतात, ती त्यांच्या माहेरची की सासरची? पंचवीस वर्षांपूर्वी इथं राहायला आलेल्या पहिल्या कुटुंबांतली आठ ज्येष्ठ माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबरोबर किती उत्तरं गेली, ते मोजायला मार्ग नाही.

म्हणून कार्यकारिणीच्या परवानगीनं एक दोनशे पानी वही उद्यापासून सोसायटीच्या ऑफिसात ठेवते आहे. प्रत्येक घराला दोन पानं. मूळ गाव कोणतं, तिथली नदी कोणती, घरचा खास पदार्थ काय, आणि आजी-आजोबांनी सांगितलेली एक तरी गोष्ट. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नातवंडांनी रेकॉर्ड करावं. सुट्टीत येणाऱ्या मुलांनी घरी येण्याआधी ऑफिसात डोकावून आपलं पान वाचावं. वहीत चूक सापडली तर खोडू नका, खाली आपलं म्हणणं लिहा. विद्वान तसंच करतात.

वहीला पेन दोरीनं बांधून ठेवलं आहे. या सोसायटीत मोकळं पेन दोन दिवस टिकत नाही, हे पंचवीस वर्षांचं सामान्यज्ञान आहे.